स्वयंपाक्याच्या हातून न पडलेलं भांडं

दाढी दिवसातून दोनदा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. बाहेर जायचं नसलं तरी.

आंघोळ तीन मगांत. मग प्लॅस्टिकचा.

घरात स्टीलचं एकही भांडं नाही. ताटं काचेची, वाट्या चिनी मातीच्या, डबे प्लॅस्टिकचे. पातेली ॲल्युमिनियमची, आणि ती ठेवायची ती घडी केलेल्या पंच्यावर.

दार लावताना कडी आधी वर उचलून धरायची. मग दार लोटायचं. मग कडी हळूच सोडायची.

पेपर टेबलावर पसरून वाचायचा. हातात धरला की कागद वाजतो.

घरात मोजे घालूनच चालायचं. मे महिन्यातही.

समोरच्याने कपात चमचा फिरवला की नजर त्या चमच्यावर. बोलायचं मात्र काही नाही.

ही यादी मी गौरवग्रंथासाठी केली होती. त्या प्रकरणाला 'शिस्तप्रिय व्यक्तिमत्त्व' असं नावही दिलं होतं. आता वाचताना वाटतं, यात शिस्त कुठे आहे? पकडलं जायची भीती ज्याला असते तो माणूस असाच राहतो.

कमांडर मोतीराम हिवराळे, भारतीय नौदल, निवृत्त. राहणार चिकलठाणा, विमानतळाच्या अलीकडची नवी सोसायटी, दुसरा मजला. पत्नी वारलेली. मुलगी मोनिका पुण्यात. एकाहत्तरच्या युद्धात ते पाणबुडीवर होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पाणबुडीवर काय केलं, हे कुणी विचारत नसे. आमच्या शहरापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. इथला एक माणूस पाण्याखाली राहून आला, हेच आम्हाला पुष्कळ होतं. शाळा त्यांना चार डिसेंबरला बोलवत, चौदा एप्रिलला मंडळं बोलवत. ते ब्लेझर घालून जात आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचत.

दोन हजार तेवीसच्या एक जूनला त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. एक जून ही मास्तरांनी शाळेत लिहून दिलेली तारीख. त्यांच्या पिढीतली निम्मी वस्ती एक जूनलाच जन्मली आहे. अमृतमहोत्सवासाठी समिती झाली. समिती म्हणजे सर्जेराव. ते दोनदा नगरसेवक होते आणि तिसऱ्यांदा व्हायचं होतं. मी मराठीत एम. ए. केलं होतं आणि रिकामा होतो. ग्रंथ लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच बैठकीत सर्जेरावांनी विचारलं, "लेखक, सायबांनी किती जहाजं बुडवली?"

"एकही नाही."

"आँ? मग अठरा दिवस पाण्यात मासे मोजीत व्हते का?"

"ओळख पटल्याशिवाय मारायचं नाही असा हुकूम होता. ओळख पटायच्या आत जहाज निघून गेलं."

"असं कुठं लिहितेत का? दोन लिव्ह."

"दोन?"

"एक लई कमी वाटतं, आन् तीन म्हनलं तर कुनी मानत नाय."

मी हे कमांडरना सांगितलं. ते आवाज न करता हसले. म्हणाले, "सर्जेरावांना विचार, कोणत्या देशाची हवीत." खोटं बोलणाऱ्या माणसांबद्दल त्यांना तिटकारा होता. मला तो फार आवडायचा. मी दर रविवारी सकाळी जायला लागलो. ग्रंथ निमित्तापुरता राहिला. ते मला कवी म्हणत, आणि त्यात कौतुक नसे. "कवी, तीन विशेषणं काढ. पाणबुडीत जास्त बोलणारा माणूस दुसऱ्याची हवा खातो." मी विशेषणं काढली. आज मी असं लिहितो, ते त्यांच्यामुळे. हेही कबूल केलं पाहिजे.

त्यांचे वडील गुलमंडीत कापडाचे तागे वाहायचे. आई गोजरबाई रस्त्याच्या कामावर खडी टाकायची. छप्पन्न साली घराने धम्म घेतला. तेव्हापासून गोजरबाईंचा एकच कायदा. तोंड धुतल्याबिगर आणि केस बसवल्याबिगर पोराने उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. घरात खायला नसलं तरी सदऱ्याला साबण असे. गुलमंडीतला एक दुकानदार वडिलांच्या अंगावर तागा लांबूनच फेकायचा. मोतीरामनी ते लहानपणी पाहिलं होतं. भाषणात ते हा प्रसंग सांगत. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं तेव्हा डोळे पुसत. मीही त्याच वस्तीतला. मीही पुसले आहेत.

पोरगा हुशार निघाला. गणितात पहिला. नौदलात निवड झाली, अधिकारी झाला, पाणबुडीसाठी निवडला गेला, रशियात शिकून आला. तेविसाव्या वर्षी युद्ध. त्या पाणबुडीवर ते सगळ्यांत धाकटे अधिकारी होते.

युद्धाची गोष्ट ते ठरावीक पद्धतीने सांगत. शत्रूच्या बंदराबाहेर पाणबुडी खाली दडून बसली आहे. वर एक युद्धनौका फिरते आहे आणि कान लावून आवाज ऐकते आहे. पाणबुडीत पंखे बंद. बोलणं बंद. ज्याला काम नाही त्याने आपल्या फळीवर पडून राहायचं. खोकला आला तर टॉवेल तोंडात. इथे ते थांबत. सभागृह शांत होई. मग म्हणत, "आणि अशा वेळी आमच्या रामकिसनच्या हातून भांडं पडलं!"

सभागृह हसायचं. तेही हसायचे. "काय करणार? स्वयंपाकीच तो. आपल्याच जिल्ह्यातला गडी!" पुन्हा हशा. मग अकरा स्फोट, विझलेले दिवे, बारा तास खाली अडकून पडणं, आणि शेवटी सुटका. टाळ्या.

ही गोष्ट मी नऊ वेळा ऐकली. नऊही वेळा हसलो.

मार्चमध्ये एका स्थानिक दैनिकाने त्यांच्यावर अर्धं पान छापलं. भांड्याचा किस्सा चौकटीत होता, रामकिसनच्या नावासकट. पुढच्या रविवारी आम्ही चहा घेत असताना बेल वाजली. दारात एक पन्नाशीची बाई होती. नऊवारी, पायात स्पोर्ट्सचे बूट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला पेपर.

"हिवराळे सायेब हितंच राहतेत का?"

"मीच."

"मी रत्नमाला. रामकिसन शिंगाडेची लेक. दौलताबादच्या म्होरं गाव हाय आमचं. किल्ल्याखाली पेरू-अंजिराचं दुकान लावते."

ते उठून उभे राहिले. "रामकिसन आहे अजून?"

"हाय. शहाऐंशी चालू हाय. उठता येत नाय, पर कान शाबूत हायेत." तिने पेपर काढून टेबलावर ठेवला. "हे म्या त्यास्नी वाचून दावलं. त्यांनी दोन दिस खाल्लं नाय."

"बसा. चहा घ्या."

"चा नको. एक सांगा. त्या येळेला माझ्या बापाच्या हातात भांडं व्हतं का?"

त्यांनी पेपरवर तळहात ठेवला.

"चूल बंद व्हती. समदी भांडी बापानं सोता गोणपाटात बांधली व्हती. बाप फळीवर पडला व्हता. शेजारी पडदा व्हता. पडद्याआड तुम्ही दाढी करत व्हता, सायेब."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आता ते झटक्यात नाही म्हणतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "पाणी तरी घ्या."

रत्नमालाबाई पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. रामकिसनला पाणबुडीवरून उतरवलं. पाणबुडीचा बिल्ला काढून घेतला आणि किनाऱ्यावरच्या एका बराकीत भाजी चिरायला बसवलं. दोन वर्षांनी तो नोकरी सोडून गावी आला. गावातला दुसरा एक जण नौदलात होता, त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. साठ माणसांचा स्वयंपाक एका हाताने करणारा गडी, पण गावाच्या एकाही पंगतीला त्याला कुणी चुलीपाशी उभं केलं नाही. तो भावाच्या मेंढरांमागे गेला.

"आन् आमच्या गावात कुटंबी पंगत असू द्या. कुनाच्याबी हातून भांडं पडलं की समदे वरडतेत, रामकिसनऽ! माझ्या लग्नात वरडले. माय मेली तवा दहाव्याला वरडले. लहान लेकरं वरडतेत, त्यास्नी म्हाईत बी नाय रामकिसन कोन."

"मी काय करू शकतो?" कमांडर म्हणाले.

"चैत्रात आमच्या बिरोबाची कंदुरी हाय. समदा गाव पंगतीला बसतो. तितं येऊन सांगा. पेपरात नको. पेपर कोन वाचतं? पंगतीत सांगा, म्हंजी पंगतीत वरडायचं बंद व्हईल. बापाचं येवढंच मागनं हाय."

"बाई, मी बौद्ध माणूस. बोकड कापतात त्या ठिकाणी, देवापुढे..."

"देवाला हात जोडू नका. बोकड खाऊ नका. निस्तं हुभं राहून बोला."

ते म्हणाले, "येतो."

ती गेल्यावर त्यांनी दार लावलं. कडी उचलून, हळू. मग खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता सांगितलं.

पाणबुडीत दाढीला पाणी नसतं. सगळे अठरा दिवस दाढ्या वाढवून, डिझेलच्या वासात, घामट बनियनवर असतात. कॅप्टनसुद्धा. त्या दुपारी युद्धनौकेचा आवाज डोक्यावर आला. त्यांना फळीवर पडून राहायला सांगितलं होतं. त्यांना वाटलं, आता मरणार. कधीतरी कुणी आपलं प्रेत वर काढेल. म्हणेल, बघा, यांना अंग धुवायची सवयच नाही. बाकीच्या सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या होत्या, पण त्यांच्याबद्दल कुणी असं म्हणालं नसतं. ते उठले. जेवणातलं वाचवून ठेवलेलं वाटीभर पाणी घेतलं. वाटी घरून आणलेली, स्टीलची. अर्धी दाढी झाली आणि वाटी लोखंडी जमिनीवर पडली.

"चार मिनिटांनी पहिला स्फोट," ते म्हणाले. "वाटीमुळेच झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही."

"दुसऱ्या दिवशी?"

"कॅप्टननी सगळ्यांना विचारलं, आवाज कुणी केला. कुणीतरी म्हणालं, भांड्याचा होता, म्हणजे स्वयंपाकी. पाणबुडीत भांड्याचा आवाज दुसरा कोण करणार? सगळ्यांनी रामकिसनकडे पाहिलं. रामकिसनने माझ्याकडे पाहिलं. तो बोलला नाही. मीही बोललो नाही."

"तो तुम्ही बोलायची वाट बघत होता."

"हो."

"आणि तुमची अर्धी दाढी?"

"दिवे गेले होते. अंधारात पूर्ण केली. सकाळी कुणी लक्ष दिलं नाही. प्रत्येकाला आपला जीव वाचल्याचं आश्चर्य वाटत होतं."

मग ते म्हणाले, "मी कबूल केलं असतं तर काय म्हणाले असते, तुला माहीत आहे. कोट्यातला. म्हटलं नव्हतं का, यांना घेऊ नका. माझ्यामागून येणाऱ्या पोरांची दारं बंद झाली असती."

हे कारण खरं होतं. म्हणाले असतेच. मला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि म्हणूनच मला त्यांची किळस आली. आमच्या खऱ्या दुःखाचा त्यांनी पडदा केला होता आणि त्याच्याआड दाढी करत बसले होते. गुलमंडीत बापाच्या अंगावर तागा फेकलेला ज्याने पाहिला, त्याला बिनगुन्ह्याचा ठपका म्हणजे काय हे कॅप्टनपेक्षा जास्त कळत होतं. तरी त्याने तो एका मेंढपाळाच्या पोरावर जाऊ दिला. बरं, तेव्हा वय तेवीस होतं. तेव्हाचं मी सोडून देईन. पण पन्नास वर्षं त्या माणसाचं नाव घेऊन शाळाशाळांतून हशा मिळवायला कोणी भाग पाडलं होतं?

मी हे विचारलं. ते म्हणाले, "विनोद केला की कुणी पुढचं विचारत नाही."

कंदुरीच्या दिवशी मीच त्यांना मोनिकाच्या जुन्या गाडीतून घेऊन गेलो. ब्लेझर, पदकं, गुळगुळीत गाल. छावणी ओलांडल्यावर म्हणाले, "काय बोलायचं ते पाठ केलंय." मला बरं वाटलं. मी मूर्ख होतो.

गावाने त्यांना पाहताच हार आणला. मुंजाबा म्हणून गावचे म्हातारे पंच होते. त्यांनी फेटा बांधला. देवळापुढे मांडव होता. दोनशे माणसं पंगतीला बसली होती. रामकिसनला बाजेसकट चौघांनी उचलून आणलं आणि पुढे ठेवलं. बाजेवर एक चादर होती आणि चादरीखाली फार थोडा माणूस. पण डोळे जागे होते. त्यांनी त्या दिवशी कुणाकडून तरी दाढी करून घेतली होती. हनुवटीला वस्तऱ्याचा काप होता. रत्नमालाबाई बाजेला धरून उभ्या होत्या.

मुंजाबा म्हणाले, "सायेब, आमच्या रामकिसनसंगं व्हता तुमी. तुमच्या तोंडून ऐकू द्या लढाई."

कमांडर उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले. "आज मी एक गोष्ट सांगायला आलोय. पन्नास वर्षं ती मी..."

मागे रस्सा वाढणाऱ्या कुणाच्या तरी हातून परात पडली.

"रामकिसनऽ!"

सगळी पंगत ओरडली. त्यात दुष्टपणा नव्हता. शिंक आल्यासारखं झालं ते. मग हशा. बाजेवरचा माणूस हलला नाही.

आणि कमांडर हसले.

तसं थोडंच. ओठ हलले, दात दिसले. मला ते हसू पाठ होतं. भाषणात त्या जागी ते बरोबर तसंच हसायचे. पंगतीने त्यांना हसताना पाहिलं आणि हशा वाढला. रत्नमालाबाईंनी बाज सोडली.

हशा ओसरल्यावर ते बोलले. दहा मिनिटं बोलले. समुद्र किती खोल असतो. जवान काय सोसतो. रामकिसनच्या हातच्या वरणाला कशी चव होती. रामकिसनसारखी माणसं होती म्हणून देश उभा आहे. मग कुणीतरी हातात दिलेली शाल त्यांनी रामकिसनच्या अंगावर घातली. टाळ्या.

रामकिसन म्हणाले, "सायेब, येवढ्या उन्हाची शाल कशापायी?"

"रामकिसन..."

"ते बोला की."

"मी पुन्हा येतो. असं गडबडीत नको. नीट लिहून आणतो, सगळं क्रमाने."

"त्यात लिहायचं काय? चार शब्द हायेत."

कमांडरनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. रामकिसननी मान दुसरीकडे वळवली. तेवढं त्यांना वळवता येत होतं.

परतताना घाटात ते म्हणाले, "कवी, तू माझ्याबद्दल वाईट विचार करतोयस."

"हो."

"ती परात पडली नसती तर..."

त्यांना पन्नास वर्षांनीसुद्धा दुसऱ्याच्या हातून पडलेलं भांडं सापडलं होतं. सोसायटीच्या फाटकाशी गाडीची चावी त्यांच्या हातात दिली. वर गेलो नाही. पुढचा रविवार गेलो नाही. त्याच्या पुढचाही नाही.

मधे एकदा फोन आला. "लिहितोय. पाच पानं झाली. पार्श्वभूमी द्यावी लागते, नाहीतर लोकांना कळणार नाही. तू भाषा बघशील का एकदा?"

"चार शब्द आहेत," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी कमांडर हिवराळे वारले. हृदयविकार. कामवाल्या बाईला ते टेबलाशी बसलेले सापडले. शोकसभा सर्जेरावांनी घेतली. सभागृह भरलं होतं. सर्जेराव म्हणाले, "सायेब लई इनोदी मानूस," आणि त्यांनी भांड्याचा किस्सा सांगितला. लोक डोळे पुसता पुसता हसले. मी पाठीमागच्या रांगेत उभा होतो. मला पुढे जाऊन बोलायला हवं होतं, पण मी दाराकडे सरकलो. इतरांचा तिरस्कार करताना मी हे विसरत नाही.

माझा मजकूर मी मागे घेतला. त्यांचं अडलं नाही. ग्रंथ एक जूनलाच निघाला. मुखपृष्ठावरचा 'गौरव' खोडून 'स्मृती' केलं होतं. आत कमांडर हिवराळेंनी दोन जहाजं बुडवली आहेत.

मी किल्ल्याखाली रत्नमालाबाईंच्या दुकानावर गेलो. म्हणालो, मी पंगतीत येतो आणि सांगतो. मला त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

त्या अंजिरं पानावर लावत होत्या. "तुमी व्हता का पानबुडीत?"

"नाही."

"मंग लोक म्हनतील, ह्या पोराला रामकिसननंच शिकवून पाठिवलं. बाप म्हनतो, ज्यानं पाडलं त्यानंच सांगायचं. दुसऱ्याचं नको."

"पण ते आता..."

"म्हाईत हाय." त्यांनी गिऱ्हाइकाला सुटे दिले. "बापाला अजून सांगितलं नाय म्या. रोज इचारतेत, सायेब आले का."

मोनिका घर आवरायला आली तेव्हा तिने मला बोलावलं आणि एक वही दिली. "बाबांच्या हाताखाली होती. तुला कळतंय का, हे काय आहे?"

मी तिथेच उभं राहून वाचलं. वळणदार अक्षर, समास सोडलेला, पानांना आकडे. वर गावाचं नाव आणि 'समस्त ग्रामस्थांस'. पहिल्या पानावर पाणबुडीची लांबी, रुंदी, माणसांची संख्या. दुसऱ्यावर बॅटऱ्या. तिसऱ्यावर कोण कुठे झोपत असे, आकृतीसह. चौथ्या-पाचव्यावर हुकमांची माहिती. सहाव्यावर एक ओळ कामाची आहे. 'सर्व भांडी रामकिसन शिंगाडे यांनी स्वतः गोणपाटात बांधून ठेवली होती, हे मी पाहिले होते.' मग हवेचा दाब, तापमान, वर फिरणाऱ्या जहाजाचं अंतर.

सातव्या पानावर एवढंच आहे: 'दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी'.

त्याखाली कागद कोरा आहे.